उरलं ते बियाणं

लकडगंजात पाय ठेवला की आधी नाकाला लागतो तो ओल्या सागाच्या भुशाचा वास. आरामशीनीची किरकिर मागून ऐकू येते. माझी मोठी बहीण तिथं दिली. तिला आम्ही बाई म्हणतो. जवाई एका आरामशीनीवर हिशेब लिहायचे आणि मशीनीच्या मागच्या बोळीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. कोर्टाचं, दवाखान्याचं, बियाण्याचं, नागपुरात काही काम निघालं की आमचा मुक्काम तिथंच. घराचे फाटे, बैलबंडीचं लाकूड मी तिथूनच नेलं. पण लकडगंज म्हटलं की मला लाकडाच्या आधी मासोळी आठवते. ती गोष्ट सांगायची म्हणून लिहायला बसलो आहे. तिच्यात माझी चूक आहे, आणि ती लहान नाही.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात. कोहळी लोकांनी बांधलेले जुने तलाव आमच्याकडं गावोगाव आहेत. त्याशिवाय शेतकऱ्याची आपापली लहान तळी असतात, त्यांना बोडी म्हणतात. आमच्या वाट्याला दीड एकराची एक बोडी आली. बाबांनी जन्मभर तिचं पाणी धानाच्या बांधीला दिलं आणि तिच्यात म्हशी बसवल्या. मी दहावी पास झालो, पुढं शिकायची ऐपत नव्हती, घरीच राहिलो. धानाचं पोट धानालाच पुरेना, तेव्हा १९८९ साली डोक्यात आलं की बोडीत मासोळी सोडावी.

मासोळीतलं मला काय कळत होतं? काहीच नाही. कळत होतं ते आबाजींना. आबाजी ढिवर समाजाचे. मोठ्या तलावावर त्यांच्या चार पिढ्या गेल्या. मला पोहायला त्यांनीच शिकवलं, शेंडी धरून. सगळं गाव त्यांना आबाजी म्हणायचं, मीही म्हणायचो. ते मला बापू म्हणायचे, अरे-तुरे करायचे. आमचं ठरलं ते असं: बोडी माझी, बियाणं माझं, जाळं आणि राखण त्यांची, आणि निघेल त्या मासोळीत तीन हिश्शांतला एक हिस्सा त्यांचा. कागद केला नाही. तेव्हा कागदाची आठवणच कोणाला झाली नाही.

बियाणं यायचं कलकत्त्याकडून. हावड्याहून गाडी निघाली की नागपूरला पोचेपर्यंत जवळपास एक दिवस जायचा. रॉकेलच्या रिकाम्या डब्यात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन, आणि त्या पाण्यात जिऱ्याएवढे हजारो जीव. त्याला मत्स्यजिरे म्हणतात, आणि खरंच जिरेच दिसतात, फक्त डोळे असलेले. गाडी यायची संध्याकाळी आणि आमच्याकडची एसटी सकाळी. मग डबे रिक्षात घालून लकडगंज. जुलै असला तरी पाऊस नसला की नागपूर तापायचं. जवाई मशीनवरून पोतंभर भुसा आणायचे, बर्फाची लादी फोडून त्यात मिसळायचे आणि त्या गारव्यावर आमच्या पिशव्या निजवायचे. बाई रात्रभर पंखा त्यांच्याकडं करून ठेवायची आणि आम्ही घामात पडायचो. "पोटच्या पोरांले एवढं नाई केलं," असं ती दरवर्षी म्हणायची.

आबाजींचा थोरला पोरगा डबे उचलायला सोबत असायचा. त्याला नागपूर आवडलं. जवाईंनी त्याला तिथंच लाकडाच्या टालावर हमालीला लावून दिलं, आणि तो लकडगंजचाच झाला. पुढं याचा संबंध येतो म्हणून सांगितलं.

पहिली सात-आठ वर्षं मासोळी चांगली झाली. रोहू वर्षात किलोच्या आसपास भरायचा, कतला त्याच्या पुढं. पण दरवर्षी कलकत्ता म्हणजे खर्च, दगदग, आणि एखाद्या साली अर्ध्या पिशव्या मेलेल्या. १९९८ मध्ये मत्स्यबीज तयार करायचं दहा दिवसांचं शिक्षण मी घेतलं, आणि तिथं मला पहिल्यांदा कळलं की रोहू-कतला बोडीच्या थांबलेल्या पाण्यात वाढतात, पण आपणहून अंडी देत नाहीत. त्यांना नदीचा पूर लागतो. बोडीत मादीचं पोट फुगतं आणि तसंच जिरून जातं. म्हणून आधी देशभर नदीतूनच जिरे धरून आणत. गंगेला पूर आला की काठावर बारीक जाळी लावायची, त्यात जे येईल ते पिशवीत. रोहूसोबत दुसऱ्याच मासोळ्यांची पिल्लंही यायची.

ही अडचण सोडवली हीरालाल चौधुरी नावाच्या शास्त्रज्ञांनी, ओडिशात अंगुल इथं, १० जुलै १९५७ ला. माशाच्या मेंदूखाली मोहरीपेक्षा थोडी मोठी अशी एक ग्रंथी असते. पूर आला, अंडी सोडा, हा हुकूम तिच्यातून निघतो. चौधुरींनी दुसऱ्या माशाची ती ग्रंथी काढली, तिचा अर्क करून मादीला टोचला, आणि नदी नाही, पूर नाही, तरी मादीनं अंडी दिली. त्या तारखेला आता मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस पाळतात. पुढं कित्येक वर्षं लोक मासळी बाजारात डोकी फोडून ग्रंथी गोळा करत आणि अल्कोहोलात घालून ठेवत. मी शिकलो तोवर बाटलीत तयार औषध मिळायला लागलं होतं.

पहिल्या वर्षी माझे हात थरथरत होते. पाण्यात कापडाची मच्छरदाणी उलटी बांधावी तसा हापा बांधला. त्यात एक मादी, दोन नर. आभाळ भरून आलं होतं, बारीक पाऊस होता. संध्याकाळी सुई टोचली. आबाजी पाळीवर घोंगडी घेऊन बसले. त्यांचा या सुईवर विश्वास नव्हता. पहाटे हाप्यात धडाधड पाणी उडालं. कंदील धरून पाहिलं तर भिजवलेल्या साबुदाण्यासारखी अंडी, ओंजळीत मावेनात. आबाजींनी ओंजळ पाण्यात बुडवली, वर काढली, पुन्हा बुडवली. म्हणाले, "बापू, नदी घरी आनली रे तूनं."

तेव्हापासून कलकत्ता बंद. आपल्याच बोडीतले नर, आपल्याच बोडीतल्या माद्या, आपलंच बियाणं. वरचं बियाणं शेजारच्या तीन गावांत विकलं. मुलीचं लग्न त्या पैशात केलं. मला वाटायचं, आता मला कोणाचीच गरज नाही.

आता चूक कुठं झाली ते सांगतो. मासोळीचा भाव आकारावर असतो. अर्ध्या किलोच्या रोहूला जो भाव किलोमागे मिळतो, त्यापेक्षा दोन किलोच्या रोहूला जास्त. उन्हाळ्यात जाळं ओढलं की व्यापाऱ्याचा माणूस काटा घेऊन पाळीवर उभा, आणि तो थोराड मासोळीवर हात ठेवतो. ती गेली. मग मधली गेली. शेवटी जाळ्यात जी बारकी राहायची, जिला कोणी भाव देईना, ती मी पाण्यात परत सोडायचो. पुढच्या वर्षी तीच नर-मादी. रोहू दोन वर्षांचा झाला की बियाण्याला येतो. म्हणजे १९९८ ते २०११ या काळात माझ्या बोडीत रोहूच्या पाच-सहा पिढ्या झाल्या, आणि प्रत्येक पिढीचे आईबाप मी असे निवडले की जे कोणाला नको होते.

गंमत बघा. मी शेतकरी माणूस. घरचं धानाचं बियाणं ठेवायचं तर आई भरल्या लोंब्या वेगळ्या काढायची, पोचट म्हशीला घालायची. गावात वळू ठेवायचा तर दहा गोऱ्ह्यांतला एक निवडत. रोड गोऱ्हा वळू म्हणून सोडला असता तर गावानं मला मूर्ख म्हटलं असतं. हे सगळं येत असून पाण्याखालच्या जनावराच्या बाबतीत मला ते सुचलं नाही. मासा दिसत नाही ना! दिसतो तेव्हा काट्यावर असतो, आणि काट्यावर फक्त पैसा दिसतो.

एकदा आबाजींनी अडवलं होतं. २००४ असेल. शेपूट फाटलेली एक रोहू मादी होती, चार किलोच्या वर. दोन वेळा जाळ्यातून सुटली होती. तिसऱ्यांदा आली. आबाजी म्हणाले, "बापू, हिले नको इकू. राहू दे."

मी म्हटलं, "कायले?"

"अशी मासोळी रोज नाई येत. हिचं बी राखून ठेव."

व्यापाऱ्याच्या माणसानं नागपूरच्या एका लग्नाचं नाव सांगितलं, भाव सांगितला. मी मादी काट्यावर ठेवली. आबाजी काही बोलले नाहीत, जाळं धुवायला घेतलं.

पुढं मासोळी हळूहळू बारीक झाली. एका सालात कळत नाही. किलोचा रोहू पाऊण किलोवर आला, मग अर्ध्यावर. मी ढेप वाढवली, कोंडा वाढवला, चुना टाकला, शेण टाकलं. बियाणं घरचं आणि फुकटचं म्हणून सोडलंही भरमसाट. तरी थोराड मासोळी दिसेनाशी झाली. आणि माणसाच्या मनात जे येऊ नये ते माझ्या मनात आलं. बोडीची राखण कोणाकडं? रात्री पाळीवर कोण झोपतो?

२०११ च्या मे महिन्यात जाळं ओढलं. पाळीवर माझा पुतण्या, व्यापाऱ्याचा माणूस आणि गावातले दोघं. जाळ्यात सगळी वीतभर. व्यापाऱ्याचा माणूस हसला आणि म्हणाला, पाटील, थोराड मासोळी रात्रीच बाजारात गेली वाटते. मी आबाजींकडं पाहिलं आणि म्हणालो, "रात्रीचं आबाजींलेच माहीत असन."

एवढंच बोललो. जास्त नाही. पण सगळ्यांना कळलं. आबाजींनी हातातली दोरी खाली ठेवली. मला वाटलं भांडतील. भांडले नाहीत. त्यांनी आपलं जाळं मासोळीतून मोकळं केलं, पिळलं, खांद्यावर टाकलं आणि पाळ उतरून गेले. हिस्सा न्यायला आले नाहीत. मी घरी पाठवला, तो परत आला. दिवाळीच्या आधी ऐकलं की ते पोराकडं नागपूरला गेले.

२०१२ चं सालही तसंच गेलं. आता तर राखणीला माझाच पुतण्या होता. तरी मासोळी वीतभरच. तेव्हा मनातली सुई टोचायला लागली. बाईला भेटायला लकडगंजात गेलो होतो, तिथून शहराच्या त्या टोकाला, फुटाळ्याकडं तेलंगखेडीला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे तिथं गेलो. पिशवीत बर्फात चार रोहू होते. एका तरुण सरांनी ते बाहेर काढले, मोजले, एकाचं पोट चिरून पाहिलं. म्हणाले, "ही अंड्यावर आलेली मादी आहे. हिचं वय किती?"

"दोन वर्षं."

"बियाणं कुठलं?"

"घरचं."

"किती वर्षांपासून?"

"चौदा."

"बाहेरून नवे नर-मादी कधी आणले?"

"नाही."

"दरवर्षी किती जोड्या लावता?"

"तीन. कधी चार."

"आणि त्या कोणत्या निवडता?"

मी जरा थांबलो. म्हणालो, "निवडत नाही सर. उरतात त्या."

सरांनी सुरी खाली ठेवली. मला ओरडले नाहीत. खुर्ची दिली, चहा मागवला आणि कागदावर काढून दाखवलं. गाय वर्षाला एक वासरू देते, म्हणून गावाला शंभर वासरं हवी तर शंभर गाई लागतात. रोहूची मादी वजनाच्या किलोमागे लाख-दोन लाख अंडी देते. तीन माद्यांत तुमची बोडी भरते आणि तीन गावांच्याही भरतात. सोय झाली खरी. पण सगळी बोडी बहीण-भावांची झाली. पुढच्या वर्षी त्यांचीच आपसात जोडी, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. आपण सोयरीक करताना कूळ बघतो, एका कुळात देत नाही. बोडीत मी सहा पिढ्या एकाच घरात लग्नं लावली. रक्तातले दोष एरवी झाकलेले राहतात, ते अशानं उघडे पडतात. वाढ खुंटते, पिल्लं जास्त मरतात.

सर म्हणाले, हे तुम्हीच केलं असं नाही. अंबेकर एकनाथ नावाचे कर्नाटकातले शास्त्रज्ञ आणि रॉजर डॉइल हे कॅनडातले, या दोघांनी १९८५ मध्ये आणि पुन्हा १९९० मध्ये शोधनिबंध लिहिले. कर्नाटकातली मत्स्यबीज केंद्रं नर-मादी कसे ठेवतात ते त्यांनी तपासलं. बाहेरचं रक्त नाही, थोड्या जोड्या, आणि मालकाच्या सवयीनं नकळत होत जाणारी निवड. कोणी ठरवून खराब मासा निवडत नाही. सवय निवडते. एकनाथ पुढं फिलिपिन्समध्ये तिलापियाच्या सुधारणेच्या मोठ्या कामात होते आणि नंतर भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेचे संचालक झाले.

मी विचारलं, "म्हणजे मासोळी कोणी चोरली नव्हती?"

सरांना त्याचं काय माहीत! ते म्हणाले, "चोरी? छे. दाटीही झालीय तुमच्याकडं, बियाणं निम्मं सोडा. सगळा दोष रक्ताचा नसतो. पण मोठा मासा तुमच्या बोडीत तयारच होत नव्हता."

ते वाक्य घेऊन मी तेलंगखेडीहून लकडगंजला आलो. ऑटोत बसलो नाही, बराच रस्ता पायी चाललो.

आबाजींचं घर बाईच्या घरापासून दोन बोळी सोडून. मी वर्षभर बाईकडं येत होतो आणि त्या बोळीत गेलो नव्हतो. टिनाच्या खोलीपुढं ते बसले होते, गुडघ्यावर नायलॉनचं जाळं, हातात सुई. लकडगंजात तलाव नाही, नदी नाही, चारी बाजूंनी लाकडाचे ठप्पे. तरी ते जाळं विणत होते. डोळ्यांना कमी दिसत होतं, बोटांनी गाठ चाचपून बघत होते.

"या पाटील," ते म्हणाले. "बसा."

तीस वर्षांत त्यांनी मला पाटील म्हटलं नव्हतं. मी खाली बसलो. सरांनी सांगितलं ते सगळं सांगितलं, माझ्या परीनं. गाय, वासरू, लाख अंडी, एका कुळातली लग्नं. आणि थोराड मासा विकून बारका ठेवला हे. शेपूटफाटी मादी त्यांना आठवत होती. त्यांनी मान हलवली, पण सुई थांबली नाही. मी म्हणालो, "आबाजी, माझं चुकलं."

मग त्यांनी विचारलं, "पाळीवर तवा कितीक लोक होते?"

"चार."

"इथं किती हाये?"

इथं कोणीच नव्हतं. मागच्या बोळीत मशीन चालू होती. त्यांचं म्हणणं मला कळलं. त्यांच्या सुनेनं चहा दिला, तो प्यालो आणि उठलो.

चौघांना एकत्र आणायला मला दोन महिने लागले. व्यापाऱ्याचा माणूस तर यायलाच तयार नव्हता. शेवटी पोळ्याच्या दिवशी मारुतीच्या पाराजवळ सगळं गाव होतं, तिथंच बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. दोन-तीन लोक हसले, पुतण्यानं मान खाली घातली. रात्री बायको म्हणाली, "आता तरी झोप येईल तुमाले." कोणी नागपूरला कळवलं मला माहीत नाही, पण आबाजींच्या पोराचा फोन आला. म्हणाला, "बाबानं आयकलं." बस, एवढंच.

बोडी मी पूर्ण रिकामी केली. २०१३ च्या पावसाळ्यात भुवनेश्वरला गेलो, शहराजवळ कौसल्यागंगा इथं ती गोड्या पाण्यातल्या मासोळीची केंद्रीय संस्था आहे. तिथं शेतकऱ्यांना दाखवतात, शिकवतात. मी पाहिलं ते माझ्या बरोबर उलटं होतं, म्हणून सविस्तर सांगतो.

तिथं १९९२ पासून रोहूवर काम चाललं. नॉर्वेचे शास्त्रज्ञ मदतीला होते. त्या देशानं हेच काम साल्मन माशावर १९७० च्या सुमारास सुरू केलं, चाळीसेक नद्यांतले मासे गोळा करून. त्यांची पद्धत मूळची गाई-मेंढ्यांच्या पैदाशीची. म्हणजे वळू निवडायची जी अक्कल आमच्या गावाला होती तीच, फक्त वहीत लिहिलेली. भुवनेश्वरच्या लोकांनी आधी रक्त गोळा केलं: गंगा, यमुना, गोमती, सतलज आणि ब्रह्मपुत्रा या नद्यांतले रोहू, आणि संस्थेच्या तळ्यातले. त्यांच्या जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीची पिल्लं वेगळ्या तळ्यात वाढवली, कारण इवलं पिल्लू पाहून ते कोणाचं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पिल्लू बोटापेक्षा मोठं झालं की त्याच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी घालतात. किराणा दुकानात बिलासाठी यंत्र धरतात तसं यंत्र माशाजवळ धरलं की त्याचा नंबर दिसतो. मग सगळी घराणी एकाच तळ्यात सोडायची, एकच पाणी, एकच खाद्य. काढायच्या वेळी प्रत्येकाचं वजन. चांगल्या घराण्यातले चांगले तेवढे पुढच्या पिढीचे आईबाप, आणि बहीण-भावाची जोडी मात्र लावायची नाही.

अशा पिढ्यामागून पिढ्या झाल्या. प्रत्येक पिढीत वाढ सरासरी १७ टक्क्यांनी पुढं गेली. १९९७ ला स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली म्हणून या रोहूचं नाव ठेवलं जयंती. कतल्यावरही नंतर असंच काम झालं.

मला तिथं एकच गोष्ट पोटात रुतली. त्यांनी मासा निवडला आणि मीही निवडला. त्यांच्या प्रत्येक पिढीत मोठा मासा बाप झाला, माझ्या प्रत्येक पिढीत तो लग्नाच्या पंगतीत गेला. आणखी एक विचार येतो, तो शास्त्रज्ञांना पटेल की नाही ठाऊक नाही. पुराच्या गढूळ पाण्यातून धरलेले जिरे भरवशाचे नव्हते, त्यात नको ती मासोळी यायची. पण त्या पिशवीत शेकडो आईबापांचं रक्त होतं. सुईनं आम्हाला भरवसा दिला आणि आईबाप तीन जोड्यांवर आणले. चौधुरींचा त्यात दोष नाही. नदी घरी आणल्यावर नदीचं कामही घरच्यानं करायचं असतं, ते आम्ही केलं नाही.

जयंतीचे जिरे घेऊन मी नागपूरला उतरलो आणि पिशव्या घेऊन सरळ लकडगंजात गेलो. आता ऑक्सिजनच्या पिशव्या खोक्यात येतात, रॉकेलचे डबे गेले. जवाई थकले होते, तरी भुसा आणायला नातवाला पाठवलं. रात्री आबाजी आले, पोराचा हात धरून. कोणी बोलावलं नव्हतं. बाईनं बत्ती जवळ धरली. त्यांना जिरे दिसत नव्हते. त्यांनी पिशवीला कान लावला आणि बराच वेळ तसेच बसले. मग म्हणाले, "जिते हायेत."

मी म्हटलं, "आबाजी, चला गावाले. हिस्सा तोच."

"आता जाळं ओढनं होत नाई," ते म्हणाले. "डोये गेले."

ते आले नाहीत. मी पुन्हा विचारलं नाही.

आता मी एक वही ठेवली आहे. कोणती मादी कोणत्या सालची, कोणत्या नराला लावली, वजन किती. बियाण्याचे नर-मादी वेगळ्या खड्ड्यात, आणि दोन-तीन वर्षांनी बाहेरचं रक्त आणतो. जयंती असली तरी तिच्या चार माद्यांवर चौदा वर्षं काढली तर पुन्हा तेच होणार, हे तिथल्या लोकांनीच सांगून ठेवलं होतं. ज्या तीन गावांना मी बारकं बियाणं विकलं तिथंही जाऊन सांगितलं. एका गावानं ऐकलं. बाकीचे म्हणाले, स्वस्त देशील तर बघू.

पहिली जयंती काढली २०१४ च्या मे महिन्यात. बियाणं निम्मंच सोडलं होतं, त्यामुळं रक्ताचा गुण किती आणि मोकळ्या पाण्याचा किती, ते मला वेगळं काढता येत नाही. संध्याकाळी पोराच्या फोनवरून आबाजी बोलले. मागं आरामशीन चालूच होती, ओरडून बोलावं लागत होतं.

"बापू, किती भरला?"

"थोराडा सव्वा किलो."

"इकला?"

"नाई आबाजी. खड्ड्यात टाकला."

"नर का मादी?"

"मादी."

तिकडून थोडा वेळ फक्त मशीन ऐकू आली. मग त्यांनी विचारलं, तिकडं पाऊस कधी म्हणून रायले.